आधी दवाखाना : मुलांच्या वैद्यकीय तपासणीबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलावर अत्याचार झाल्याची किंवा त्याची हेळसांड होत असल्याची शंका आली, तर तपासणी कुठे करायची, कोण करतं, कागद कोणते लागतात, हे विचारणारी पत्रं सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आली. त्यातली काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं, गावं, शाळा काहीच छापलेलं नाही. मुलाची ओळख पटेल असा तपशील छापणं पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २३ नुसार गुन्हा आहे, आणि आमच्या मते तो साध्या माणुसकीचाही प्रश्न आहे. उत्तरं बालरोग, न्यायवैद्यक आणि बालसंरक्षण या क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची. शेजारच्या माणसाने तिच्याशी वाईट वर्तन केलं, असं ती म्हणाली. खासगी दवाखान्यात नेलं तर ‘ही पोलीस केस आहे, आधी ठाण्यातून पत्र आणा’ म्हणाले. पत्राशिवाय तपासणी होत नाही का?
— एक आई, सोलापूर शहर

उत्तर : होते. तुम्हाला परत पाठवलं ते चुकीचं होतं. पॉक्सो कायद्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट आहे की तक्रार किंवा एफआयआर नोंदवलेली नसली तरी मुलाची वैद्यकीय तपासणी करता येते. २०२० च्या पॉक्सो नियमांमधला सहावा नियम तर आणखी पुढे जातो : तातडीचे उपचार देण्याआधी डॉक्टरांनी पोलिसांचं पत्र, न्यायालयाचा आदेश किंवा दुसरा कुठलाही कागद मागायचा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा रुग्णाला तात्काळ आणि मोफत उपचार द्यायचे आहेत. न दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली शिक्षा आहे.

आता करायचं काय ते. सोलापुरात असाल तर मुलीला थेट सिव्हिलला, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असल्याने बालरोग, स्त्रीरोग, न्यायवैद्यक, मानसोपचार हे सगळे विभाग एकाच आवारात मिळतात, आणि मुलीला चार ठिकाणी फिरवावं लागत नाही. सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका, अपघात विभाग रात्रीही चालू असतो. केसपेपर काढताना खिडकीवर सगळी हकीकत सांगायची गरज नाही. ‘मुलीची पॉक्सोची तपासणी आहे, बाईडॉक्टर पाहिजेत’ एवढं पुरे. आवारातच पोलीस चौकी आहे. रुग्णालयच तिथे एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद कळवतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तपासणीसाठी पोलिसांचं पत्र लागत नाही, पण मूल अठरा वर्षांखालचं असेल तर डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. ‘तपासा, पण कुणाला सांगू नका’ ही विनंती त्यांना मान्य करता येत नाही. तो त्यांचा आडमुठेपणा नव्हे, पॉक्सोचं कलम १९ त्यांना बांधून ठेवतं.

घरातून निघण्यापूर्वीची काळजी महत्त्वाची. मुलीला अंघोळ घालू नका. घटना तोंडाशी संबंधित असेल तर चूळ भरू देऊ नका, दात घासू नका. लघवीला लागली तर अडवून धरू नका, पण धुऊ आणि पुसू नका. अंगावरचे कपडे तसेच राहू द्या आणि बदलायचा एक जोड बरोबर घ्या. कपडे आधीच बदलले असतील तर ते न धुता, न झटकता कोऱ्या कागदात किंवा खाकी पाकिटात घालून आणा. कॅरीबॅगमध्ये घालू नका. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि प्रयोगशाळेत गेल्यावर त्या कपड्यातून काही निघत नाही. कपडे धुतले गेले असतील तरीही घेऊन या, आणि अंघोळ झाली असेल तरीही या. उशीर झाला म्हणून घरी बसणं हे सगळ्यात मोठं नुकसान. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात, एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकी उपयोगी. हे तास उलटल्यावरही जखमा, संसर्ग आणि मुलीचं मन यांच्यासाठी तपासणी हवीच.

प्रश्न : तिसरीतल्या मुलीने मला वर्गात एक गोष्ट सांगितली. मुख्याध्यापक म्हणतात, आधी पालकांना बोलावू, समिती नेमून चौकशी करू, खात्री झाली की दवाखान्याचं पाहू. मी काय करू?
— एक शिक्षिका, अक्कलकोट तालुका

उत्तर : खात्री करणं हे शाळेचं काम नाही, बाई. कायदा म्हणतो की गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. न कळवणाऱ्या व्यक्तीला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाविरुद्धची गोष्ट दडवली तर एक वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे कळवलं आणि पुढे ते सिद्ध झालं नाही, तर कळवणाऱ्यावर काहीही येत नाही. ही तरतूद मुख्याध्यापकांना दाखवा. पुष्कळदा लोक वाईट हेतूने थांबत नाहीत, अंगावर येईल या भीतीने थांबतात.

मुलीशी पुन्हा पुन्हा बोलू नका. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून, त्याच दिवशी लिहून ठेवा. ती ‘शूची जागा’ म्हणाली असेल तर तसंच लिहा, तुमचा शुद्ध शब्द घालू नका. तुम्ही काय विचारलं तेही लिहा, कारण पुढे न्यायालयात पहिला प्रश्न तोच येतो : मुलीला कुणी पढवलं का? ‘पुढे काय झालं ते सांगशील?’ हा प्रश्न चालतो. ‘त्या काकांनी तुला हात लावला ना?’ हा चालत नाही. कपडे काढून बघू नका, फोटो तर अजिबात काढू नका. मुलाच्या उघड्या अंगाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवणं आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकणं यातून तुम्हीच गुन्ह्यात अडकू शकता.

मग फोन. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन किंवा ११२. अक्कलकोट तालुका ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत आणि सोलापूर शहर आयुक्तालयाच्या हद्दीत, त्यामुळे ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं ऐकू येण्याची शक्यता असते. तसं झालं तर हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर नोंदवता येते हे शांतपणे सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला, म्हणजे अशा मुलांच्या काळजीचे निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीला, कळवायचं असतं. संशयित माणूस घरातलाच असेल तर हे पहिल्याच फोनवर सांगा, कारण मग तपासणीला मुलीबरोबर कोण जाणार आणि तपासणीनंतर ती कुठे राहणार, हे दोन्ही समितीला ठरवावं लागतं. अशा वेळी पालकांना आधी बोलावून ‘विचारून पाहणं’ म्हणजे मुलीला त्याच माणसाच्या ताब्यात रात्रभर ठेवणं.

प्रश्न : तपासणीत नेमकं काय करतात? माझी पुतणी चौदा वर्षांची आहे, ती घाबरून नको म्हणते. आणि तपासणीत काही निघालं नाही तर तिला खोटं ठरवतील का?
— एक काकू, मंगळवेढा तालुका

उत्तर : सुरुवात बोलण्याने होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक ठरावीक नमुना-फॉर्म आहे, डॉक्टर तो भरतात. संमती लेखी घेतात. बारा वर्षांपुढच्या मुलीची संमती तिची स्वतःची, बारा वर्षांखाली असेल तर पालकांची. संमती तीन गोष्टींसाठी वेगवेगळी असते : उपचार, तपासणी आणि पुराव्याचे नमुने. तुमच्या पुतणीने उपचाराला हो आणि नमुन्यांना नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत. नकार फॉर्मवर नोंदवतात. मधेच थांबवायलाही ती सांगू शकते. तिच्याशी बोलताना हेच आधी सांगा. ‘डॉक्टर म्हणतील तसं करावंच लागेल’ असं सांगितलेल्या मुली टेबलवर आखडून जातात, आणि मग तपासणीही नीट होत नाही.

मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, हे पॉक्सोचं कलम २७ सांगतं. पालक किंवा मुलीचा विश्वास असलेली व्यक्ती हजर असते, आणि असं कुणी नसेल तर रुग्णालयाने नेमलेली महिला. पोलीस, मग महिला शिपाई का असेना, तपासणीच्या खोलीत नको. तुम्ही जवळ हव्या आहात की पडद्याबाहेर, हे पुतणीला विचारा. आई समोर असली की काही मुली बोलत नाहीत, काकू असली की बोलतात.

मग डोक्यापासून पायापर्यंत पाहतात. उंची-वजन, ओरखडे, दाताच्या खुणा, दाब दिल्याचे डाग. प्रत्येक खूण शरीराच्या रेखाचित्रावर मोजमापासह उतरवतात. गुप्तांगाची तपासणी बहुतेक वेळा फक्त बाहेरून, चांगल्या उजेडात होते. लहान मुलीत आत उपकरण घालत नाहीत. रक्तस्राव असेल आणि आतली जखम पाहणं भागच असेल, तर भूल देऊन. तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं म्हटलं आहे. तशी कुणी सुरुवात केली तर थांबवायला सांगा आणि नाव लिहून ठेवा. कौमार्यपडदा, ‘सवय’ असले शेरे अहवालात यायला नकोत.

नमुने कशाचे घ्यायचे हे घटनेवर ठरतं, यादी पुरी करायची म्हणून सगळे घेत नाहीत. कापसाचे बोळे सावलीत वाळवून पाकिटात घालतात, वर नाव-वेळ-सही, लाखेचं सील आणि पोलिसांकडे पोच घेऊन हवाली. या साखळीत सही राहिली, वेळ चुकली किंवा बोळा ओलाच बंद केला की पुढे खटल्यात अडचण येते. काही पाजल्याची शंका असेल तर पहिली लघवी आणि रक्त लवकरात लवकर घ्यायला सांगा. उशीर झाला की गुंगीचं औषध सापडत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, आणि तो आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुतांश मुलांमध्ये तपासणीत काहीच दिसत नाही. कुरवाळणं, चोळणं, जबरदस्तीने हात लावायला लावणं यांच्या खुणा राहत नाहीत. तिथली त्वचा लवकर भरून येते, आणि मुलं बहुधा दिवस किंवा महिने उलटल्यावर सांगतात. ‘तपासणी नॉर्मल’ याचा अर्थ एवढाच की आज जखम दिसली नाही. डॉक्टरांनी ‘अत्याचार झालेला नाही’ असं लिहायचं नसतं, तो निष्कर्ष न्यायालयाचा. ‘जखम नसली तरी लैंगिक अत्याचाराची शक्यता नाकारता येत नाही’ अशा आशयाचं वाक्य अहवालात आहे का ते बघा. अहवालाची प्रत तुम्हाला मोफत मिळते, मागून घ्या. पुतणीलाही आजच सांगा की डॉक्टर तिची परीक्षा घेणार नाहीत.

प्रश्न : मुलाला तेलुगूच येतं, घरी मराठी कुणी बोलत नाही. डॉक्टरांशी बोलणार कसं?
— एक वाचक, विडी घरकुल परिसर

उत्तर : आपल्या शहरात तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतली मुलं हजारोंनी आहेत, त्यामुळे हे संकोचाने मागायचं नाही. कायद्यात दुभाष्याची तरतूद आहे, ऐकू-बोलू न येणाऱ्या किंवा मतिमंद मुलांसाठी विशेष शिक्षकाचीही. जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडून दुभाषी मागवा. शेजारी, नातेवाईक किंवा वॉर्डातली मावशी यांना दुभाषी करू नका. त्यातला कुणी संशयिताच्या ओळखीचा निघतो, आणि मुलाचं बोलणं लाजेने गाळून सांगितलं जातं.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीतल्या पाच महिन्यांच्या बाळाच्या दंडावर आणि कानामागे निळे डाग दिसले. आई म्हणते पाळण्यातून पडलं, आजी म्हणते जन्मापासून आहेत. पोटावर काळे चट्टेही आहेत. हे मारहाणीचं असू शकतं का, आणि कुणाला सांगू?
— अंगणवाडी सेविका, मोहोळ तालुका

उत्तर : ताई, तुमची नजर बरोबर ठिकाणी गेली. जे बाळ अजून पालथं पडायला शिकतंय, त्याला स्वतःहून मुका मार सहसा लागत नाही. चालायला लागलेल्या पोरांच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर डाग असणं रोजचं आहे. पण चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर, मानेवर डाग असेल, किंवा चार महिन्यांखालच्या तान्ह्याला कुठेही डाग असेल, तर डॉक्टर तो धोक्याचा इशारा मानतात. कानामागचा डाग आणि आई-आजीच्या दोन वेगळ्या हकीकती, एवढ्यावर तपासणी त्याच दिवशी हवी.

तरी घाईने आरोपही नको, कारण फसवणारी कारणं बरीच आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर, कधी खांद्यावर जन्मतः निळसर-करडा डाग असतो. तो दुखत नाही, कडा अस्पष्ट असतात आणि आठवड्यात रंग बदलत नाही. मुका मार मात्र दिवसांत बदलतो, पिवळा-हिरवा होत विरतो. जन्माच्या वेळच्या कागदावर किंवा लसीकरणाच्या कार्डावर डागाची नोंद आहे का ते बघा. (डागाच्या रंगावरून ‘हा तीन दिवसांपूर्वीचा’ असं सांगणं डॉक्टरांनाही जमत नाही, त्यामुळे तसं कुणी ठामपणे म्हटलं तर विश्वास ठेवू नका.) पोटावरचे काळे चट्टे बिब्ब्याचे असू शकतात. पोट फुगलं, बाळ रडतं म्हणून बिब्बा घालतात, त्याचा चीक कातडी जाळतो, फोड येतात आणि काळा डाग उरतो. तापवलेल्या सळईने किंवा विळ्याने डाग दिलेले असतील तर त्याला त्या वस्तूचा आकार असतो. हे घरच्यांनी ‘औषध’ म्हणून केलं असलं तरी भाजणंच आहे, आणि तान्ह्याला त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. ते दवाखान्यात दाखवायला हवं आणि नोंदवायलाही. फक्त रागाने केलेली मारहाण आणि चुकीचा समज यांत फरक करायचा, तो डॉक्टर आणि समिती मिळून करतात. तुम्ही तो अंगावर घेऊ नका.

बाळाला साध्या ओपीडीत दाखवून ‘मलम लावा’ ऐकून परत येऊ नये, म्हणून काय तपासण्या अपेक्षित आहेत ते माहीत असू द्या. दोन वर्षांखालच्या मुलाचा संपूर्ण सांगाड्याचा एक्स-रे काढतात, तोही प्रत्येक भाग वेगळा. सगळं बाळ एकाच फिल्मवर घेतलं तर बरगडीतली बारीक चीर दिसत नाही. ताज्या चिरा पहिल्या एक्स-रेत लपतात आणि भरून येऊ लागल्यावर दिसतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. या दुसऱ्या फेरीला पुष्कळ घरं येत नाहीत. तारीख तुमच्या वहीत लिहा आणि गृहभेट त्या आठवड्यात ठेवा. बाळ वर्षाखालचं असेल तर वरून बरं दिसत असलं तरी डोक्याचा सीटी स्कॅन, आणि डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव आहे का हे नेत्रतज्ज्ञाने बाहुली मोठी करून पाहणं. रक्तात प्लेटलेट आणि गोठण्याच्या चाचण्या, कारण रक्ताचा आजार असला तरी डाग येतात. हाड मोडलेलं असेल तर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, म्हणजे मुडदूस आहे का ते कळतं. त्याच घरात दोन वर्षांखालचं दुसरं भावंड असेल तर त्याचीही तपासणी.

हे सगळं मोहोळला होणार नाही, सिव्हिलच्या बालरोग विभागात होईल. १०८ ची रुग्णवाहिका मोफत मिळते. आईला ‘मारलंय असं दिसतंय’ म्हणू नका. ‘कानामागचा डाग मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवा, रक्ताचा आजारही असू शकतो, आज जाऊ’ म्हणा. हे खरंच आहे आणि आई तयार होते. पर्यवेक्षिकेला कळवा, १०९८ ला कळवा. घरचे नाहीच म्हणाले तर बालकल्याण समितीपुढे मांडा. समितीची बैठक नसलेल्या दिवशीही मूल एखाद्या सदस्यापुढे नेता येतं, बैठकीच्या वाराची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : मी खासगी बालरोगतज्ज्ञ आहे. शंका आली की सिव्हिलला पाठवतो, पण कुटुंब तिथे पोहोचतच नाही. पत्रात काय लिहावं?
— एक डॉक्टर, बार्शी

उत्तर : पत्र हातात देऊन मोकळं होऊ नका, इथेच कुटुंबं गळतात. आधी फोन करून बालरोग विभागातल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी बोला, त्यांचं नाव आणि वेळ पत्रात लिहा, आणि ‘दोन तासांत पोहोचले नाहीत तर मला कळवा’ असं ठरवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर रुग्ण दाराबाहेर पडण्याआधी पोलिसांना कळवायचं. खासगी डॉक्टरलाही कलम १९ तितकंच लागू आहे. जीवाला धोका वाटला तर आधी स्वतःकडे दाखल करून घ्या.

पत्रात चार गोष्टी पुरतात. कोणी काय सांगितलं (आई, आजी, मूल वेगवेगळं, अवतरण चिन्हात). तुम्ही काय पाहिलं : जागा, आकार सेंटिमीटरमध्ये, कडा. सांगितलेल्या कारणाशी ते जुळतं की नाही आणि का. तुम्ही काय औषध दिलं, काय धुतलं, काय धुतलं नाही. ‘बालशोषण’ हा निष्कर्ष लिहू नका, पण ‘? पडणे’ असं मोघमही नको. ‘न चालणाऱ्या बाळाच्या मांडीचं हाड दीड फुटावरून पडून मोडणं असंभाव्य वाटतं, पुढील तपासणी आवश्यक’ हे वाक्य काम करतं. प्रत स्वतःकडे ठेवा. जखम स्वच्छ करण्यापूर्वी नमुन्याची गरज आहे का हे फोनवरच विचारा.

प्रश्न : भाचीचं वय सोळा. दिवस गेले आहेत. घरच्यांना पोलीस नको आहेत म्हणून कुणी ओळखीच्याकडे गोळ्या घेऊन मोकळं करायचं म्हणतायत.
— एक मामा, करमाळा तालुका

उत्तर : त्या गोळ्या घेऊ देऊ नका. सोनोग्राफीशिवाय घेतल्या तर गर्भाशयाबाहेर नळीत अडकलेला गर्भ तसाच राहून रक्तस्रावाने मुलगी दगावू शकते.

तुमच्या घरच्यांची भीती नाव बाहेर फुटण्याची आहे, आणि त्यावर कायद्यात उपाय आहे. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अल्पवयीन मुलगी आणि पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना दिलेल्या माहितीत तिची ओळख उघड करायची गरज नाही. पोलिसांना कळवणं टळत नाही, नाव टाळता येतं. ही विनंती लेखी द्या.

वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवडे दोघांचं, आणि अल्पवयीन मुलगी त्या वाढीव मुदतीत बसते. पालकाची लेखी संमती लागते. चोवीसच्या पुढे गेलं की बहुधा उच्च न्यायालयात जावं लागतं. सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईला नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील मोफत देतं. करमाळ्याहून निघायचं तर उद्यावर टाकू नका, इथे एकेक आठवडा मोजला जातो. गुन्हा नोंदला असेल तर गर्भाचा अंश डीएनएसाठी जपतात. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवला की डीएनए खराब होतं, हे डॉक्टरांना माहीत असतं पण लेबर रूममधल्या गडबडीत सवयीने बाटली फॉर्मॅलिनची उचलली जाते. आधी आठवण करून द्या.

प्रश्न : आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. मुलग्यांसाठीही हे सगळं आहे का?
— एक वडील, पंढरपूर

उत्तर : सगळं आहे. पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही. पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयातही दाखवता येईल. तपासणी बाईडॉक्टरने की पुरुष डॉक्टरने करावी हे त्यालाच विचारा. शौचाला दुखणं, रक्त पडणं, अचानक अंथरूण ओलं करणं हे डॉक्टरांना सांगा. आणि ‘मुलगा असून रडतोस’ हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका, आजोबांनाही नाही.

प्रश्न : तपासणी झाली, एफआयआर झाली. आता पुन्हा दवाखान्यात कशाला जायचं? आणि येण्याजाण्याचा, औषधांचा खर्च?
— एक आई, दक्षिण सोलापूर

उत्तर : पहिल्या दिवशी केलेल्या रक्ताच्या तपासण्या फक्त आधीपासून काही आजार होता का तेवढं सांगतात. या घटनेतून संसर्ग झाला का हे पुढच्या तपासण्यांतूनच कळतं. म्हणून दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा जायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं सुरू झाली असतील तर ती २८ दिवस, एकही दिवस न चुकवता. मळमळ होते म्हणून पुष्कळ मुलं दहाव्या दिवशी सोडतात. डोस मुलाच्या वजनावर ठरतो, तेव्हा उलटी होत असेल तर स्वतः कमी न करता सिव्हिलच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, विचारा. कावीळ ‘ब’ची लस झालेली नसेल तर शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. पाळी सुरू झालेल्या मुलीला ७२ तासांच्या आत गर्भनिरोधक गोळी दिली असेल आणि तीन तासांच्या आत उलटी झाली असेल तर गोळी पुन्हा द्यावी लागते. पाळी लांबली तर चाचणी.

झोप उडणं, शाळेला जायला नकार, खाणं तुटणं, हे पहिल्या महिन्यात दिसतंच. त्याबद्दल बालरोगतज्ज्ञांकडून मानसोपचार विभागाचं पत्र त्याच भेटीत घ्या, वेगळ्या दिवसासाठी ठेवलं की राहून जातं.

खर्चाचं असं. तपासणी आणि उपचाराला पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर पावती मागा. जाण्यायेण्याचा, कपड्यांचा, खाण्याचा तातडीचा खर्च बालकल्याण समिती २०२० च्या नियमांतल्या आठव्या नियमाखाली मंजूर करायची शिफारस करू शकते, आणि ती रक्कम आठवड्याच्या आत मिळायला हवी. ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे, त्यामुळे समितीकडे अर्ज लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. समितीकडून मुलासाठी सहायक व्यक्ती मागा. ती दवाखाना, पोलीस आणि न्यायालय तिन्हीकडे बरोबर येते. महाराष्ट्र शासनाच्या मनोधैर्य योजनेतली मदत वेगळी, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, जिल्हा न्यायालयाच्या आवारात. अर्जाला एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवालाची प्रत आणि मुलाच्या वयाचा दाखला लागतो. बँक पासबुकाची झेरॉक्स सोबत ठेवा, म्हणजे दुसरी खेप वाचेल.